खंजिरीच्या चकत्या

धम्मदीप ओव्हाळ आणि मी बदलापूर गावातल्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसलो. पुढे तो आयटीआय करून अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर लागला. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याला भोकं पाडायची, हे त्याचं काम. मी दोन-तीन नोकऱ्या धरल्या, सोडल्या आणि शेवटी बदलापूर वेस्टला स्टेशनजवळ सायबर कॅफे टाकला.

त्याची आई गयाबाई गायची. दिवसभर काड्यापेटीच्या कारखान्यात काम करायची आणि संध्याकाळी विहारात बायकांची गायन पार्टी घेऊन बसायची. नवरा सुदाम पेटी वाजवायचा, गाणीही त्यानंच वहीत लिहिलेली. गयाबाईच्या हातात खंजिरी. गाताना ती खंजिरी अशी हलवायची की थाप एकीकडे पडायची आणि कडेच्या पितळी चकत्या शब्दाच्या मागोमाग झणझणत जायच्या. सुदामकाका लवकर गेले. नंतर पेटीला दुसरं कोणीतरी बसायचं, पण खंजिरी तिनं कुणाच्या हातात दिली नाही.

२००३च्या दिवाळीच्या सुमाराला धम्मदीप बुटाच्या खोक्यात चौदा कॅसेटी घेऊन आला. सगळ्या आईच्या. काही विहारात, काही घरी, टू-इन-वनवर रेकॉर्ड केलेल्या.

"टेपला बुरशी धरायला लागलीय रे शशा. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये टाक ना."

मी टाकल्या. दुपारी कॅफेत गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा एकेक कॅसेट लावून रेकॉर्ड केली. शेवटी सगळ्याची एमपीथ्री करायची वेळ आली. बऱ्या क्वालिटीत केल्या असत्या तर दोन सीडी लागल्या असत्या. त्या दिवशी ड्रॉवरमध्ये कोरी सीडी एकच होती. मी क्वालिटी निम्म्यावर आणली, सगळं एका सीडीत बसवलं आणि जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. यात विचार असा काही नव्हताच. एकदा क्लिक केलं, झालं.

"आवाज तसाच राहील ना?" त्यानं विचारलं.

"अरे, डिजिटल आहे. पन्नास वर्षं हलणार नाही."

गयाबाई बरोबर आली होती. मी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे बारीक करून ऐकलं.

"ह्यो माजा आवाज व्हय रं शशी? पाण्याखालनं आल्यावानी वाटतोय."

"हेडफोन साधा आहे मावशी," मी हसून म्हणालो. ती हसली नाही.

पुढच्या मार्चमध्ये ती गेली. किडन्या आधीच निकामी झाल्या होत्या, आम्हाला उशिरा कळलं. त्याच वर्षी धम्मदीपच्या कंपनीत दुप्पट ताकदीची नवीन प्रेस आली आणि तिच्यावर त्यालाच घातलं. पगार थोडा वाढला म्हणून त्याची बायको शीला खूश होती. जेवताना त्याला दोनदा हाक मारावी लागते, अशी तक्रार ती करायची. पण नवऱ्यांबद्दल अशी तक्रार कोणती बायको करत नाही?

मग २००५चा सव्वीस जुलै आला. उल्हास नदीचं पाणी धम्मदीपच्या घरात छातीपर्यंत चढलं. तो, शीला आणि त्यांची अस्मिता, तेव्हा ती पंधरा वर्षांची, शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात एक रात्र आणि एक दिवस बसून होते. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. कॅसेटींचं खोकं सापडलं, पण टेपांचा लगदा झालेला. सीडी कपाटासकट गेली. खंजिरीही गेली.

माझ्या कॅफेच्या मशीनवर त्या फाइली होत्या. कॅफे उंचावर असल्यानं वाचला होता. मी नवीन सीडी भरून त्याच्या हातात दिली तेव्हा तो माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. "तू नसतास तर आई दुसऱ्यांदा गेली असती," म्हणाला. मी फार मोठं काम केलं असं तेव्हा मला वाटलं. एक-दोन ठिकाणी मी ते सांगितलंसुद्धा.

सीडी त्यानं बरेच दिवस लावली नाही. घर उभं करण्यात वर्ष गेलं. २००६च्या डिसेंबरात, सहा तारखेनंतरच्या आठवड्यात, तो कॅफेत आला आणि स्टुलावर बसला.

"शशा, खंजिरी कुठे गेली?"

"वाहून गेली ना पुरात."

"ती नाही. गाण्यातली. थाप ऐकू येते, चकत्या नाहीत. आणि आईचे शब्द बोथट झालेत. 'संघ' म्हणते का 'अंघ' म्हणते, कळत नाही."

गयाबाईचं ते पाण्याखालचं वाक्य मला लख्ख आठवलं. मी त्याला सगळं सांगितलं. एमपीथ्री करताना कॉम्प्युटर आवाजातला काही भाग काढून टाकतो. माणसाला फारसा कळणार नाही असा भाग आधी काढतो, आणि फाइल फारच लहान करायची असेल तर कळणारा भागही काढतो. वरचे, बारीक, चकाकणारे आवाज पहिले जातात.

"काढून टाकतो म्हणजे? ठेवतो कुठे?"

"कुठेच नाही."

"परत आणता येतात?"

मला नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "चांगल्या सिस्टीमवर थोडा फरक पडत असेल."

त्या एका वाक्यावर तो उल्हासनगरला गेला. कॅम्प तीनमध्ये गोपसेठचं दुकान होतं, ॲम्प्लिफायर, स्पीकर, डेक, सगळं मिळायचं. मीही बरोबर होतो. गोपसेठ सत्तरीचे, सिंधी, स्वतः सोल्डरिंग करणारे. काउंटरवर एक नवीन ॲम्प्लिफायर होता. त्याला वेगळं बटण, दाबलं की म्हणे एमपीथ्रीतला हरवलेला आवाज परत येतो. खोक्यावर तसं छापलेलंच होतं.

"ये सच है क्या सेठ?" धम्मदीपनं विचारलं.

गोपसेठनी चष्मा वर केला. "साईं, मैं दुकानदार हूं, बोलूंगा सच है. पर तू मां का आवाज लेके आया है, तो सुन. ये बटन अंदाजे से थोड़ा तीखापन डालता है. जो फाइल में नहीं, वो मशीन कहां से लाएगा? मशीन ने तेरी मां को सुना है क्या?"

"तरी द्या," धम्मदीप म्हणाला.

त्यानं ॲम्प्लिफायर घेतला. महिन्याभरात मोठे स्पीकर घेतले, मग वेगळे ट्वीटर, म्हणजे फक्त बारीक आवाजासाठीचे छोटे स्पीकर, मग बारा दांड्यांचा इक्वलायझर, डावीकडच्या दांड्या जाड्या आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. रविवार आला की तो फाइल लावायचा आणि उजवीकडच्या दांड्या वर सरकवत न्यायचा. मी एका रविवारी गेलो तर खोलीत उभं राहवेना. गयाबाईचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा कानात घुसत होता. अस्मिता कानात कापूस घालून स्वयंपाकघरात अभ्यास करत होती. शीला दारात उभी होती.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना," ती म्हणाली. "शेजारचे भांडून गेले. सासूबाईंचा आवाज आता नकोसा झालाय मला. मेल्या माणसाबद्दल असं वाटावं का?"

धम्मदीप इक्वलायझरसमोर मांडी घालून बसला होता. सगळ्या दांड्या टोकाला टेकल्या होत्या.

"बघ," तो मला म्हणाला, "सगळं फुल्ल केलं. तरी चकत्या नाहीत. तू काहीच ठेवलं नाहीस रे."

फेब्रुवारीत तो कॅफेत आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला. त्याचा आवाज तेव्हा मोठाच झालेला असायचा, त्या दिवशी फारच.

"एका सीडीसाठी! दुसरी सीडी मागितली असतीस तर मी दिली नसती का? आईचा गळा कापलास तू. आणि वर हसलास तिच्या तोंडावर!"

त्यानंतर तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. स्टेशनवर दिसला तर मी दुसऱ्या जिन्यानं उतरायचो. घरी मी ती फाइल हेडफोनवर पुन्हा पुन्हा ऐकली. मला चकत्या ऐकू यायच्या. वाईट, ओल्या झाल्यासारख्या, पण यायच्या. मला वाटायचं, अपराधी आहोत म्हणून आपल्या मनालाच भास होतोय.

मे महिन्यात मला पुतळाबाई आठवली. गयाबाईची मावसबहीण, बेलवलीला तिसऱ्या मजल्यावर राहणारी. शताब्दीच्या वर्षी, एक्क्याण्णव साली, विहारात झालेल्या कार्यक्रमाची कॅसेट गयाबाईनं तिला कॉपी करून दिली होती. मी गेलो. म्हातारीनं देव्हाऱ्यासारख्या मांडलेल्या फळीवरून, बुद्धमूर्तीच्या मागून, फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"वाजवाया डेक न्हाई माज्याकडं. पर पुसून ठिवते रोज," ती म्हणाली.

त्या कॅसेटला कुठल्याही कॉम्प्युटरचा हात लागला नव्हता. मी गोपसेठकडे जाऊन त्यांचा स्वतःचा जुना, चांगला डेक मागितला. त्यांनी हेड स्पिरिटनं पुसून, नवीन बेल्ट घालून दिला. स्वतःही येतो म्हणाले. रविवारी दुपारी आम्ही दोघं धम्मदीपच्या दारात.

त्यानं मला बघून तोंड फिरवलं. मी कॅसेट पुढे केली. पाठीवर सुदामकाकांच्या अक्षरात 'गया, १४ एप्रिल ९१' लिहिलेलं. तो बाजूला झाला.

गोपसेठनी डेक त्याच्याच ॲम्प्लिफायरला जोडला आणि इक्वलायझरच्या सगळ्या दांड्या मधोमध आणल्या. कॅसेट फिरू लागली. थोडी खरखर, माणसांचा गलबला, कोणीतरी खाकरलं, पेटीचा सूर आला. आणि मग खंजिरी. एक थाप, आणि तिच्यामागे चकत्यांचा तो लांब झणकार. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या मांडवात मीही होतो. गयाबाईनं पहिली ओळ उचलली, शब्द न् शब्द काचेसारखा.

शीलानं पदर तोंडाला लावला. अस्मिता आतून पळत आली. "आजीची खंजिरी!" ती म्हणाली. "पप्पा, किती क्लिअर आहे!"

धम्मदीप स्पीकरकडे बघत होता. मान थोडी वाकडी, चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा भाव. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. तो माझ्याकडे वळला.

"ही कॅसेटपण तशीच आहे रे. चकत्या नाहीतच."

कॅसेट चालू होती आणि झणकार खोलीभर होता. त्यानं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. शीलाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. अस्मिताचं उघडं राहिलेलं तोंड पाहिलं. मग विचारलं, "आत्ता वाजतायत का?"

अस्मितानं होकारार्थी मान हलवली.

तो उठला, स्पीकरजवळ गेला, जाळीला कान लावला. नंतर तळहात लावला. बराच वेळ हात तसाच. "थाप लागतेय," एवढंच म्हणाला.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुणाला सांगितली नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. माझी फाइल नव्हे, त्याचे कान. मी नाही केलं. माझा मित्र समोर स्पीकरवर हात ठेवून उभा होता आणि माझ्या छातीवरचा दगड उतरत होता. शरम नंतर आली. आली ती अजून आहे.

गोपसेठनी डेक बंद केला. "बेटा, तू काम क्या करता है?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"प्रेस शॉप. उन्नीस साल से."

"कान में कुछ डालता है?"

धम्मदीपनं नकारार्थी मान हलवली. सुरुवातीला रबरी बोळे मिळायचे, मग मिळेनासे झाले. साहेब आले की कापूस घालायचा.

कानाच्या डॉक्टरकडे त्याला मीच घेऊन गेलो, उल्हासनगरला. डॉक्टरनं बंद काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि कागद समोर ठेवला. कागदावरची रेघ डावीकडून बऱ्यापैकी सरळ येत होती आणि मध्येच कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची.

"जाडे आवाज तुम्हाला येतात," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तुम्हाला वाटतं ऐकू येतंय. बारीक आवाजांच्या नसा गेल्या. मोठ्या आवाजात सतत काम केल्यानं जातात, आणि ज्याच्या जातात त्याला कळत नाही. त्याला वाटतं, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

"मशीननं येईल परत?"

"मशीन आवाज मोठा करेल. नस नवीन देणार नाही."

आम्ही रिक्षानं परत निघालो. अंबरनाथ मागे पडल्यावर त्यानं माझा हात धरला.

"शशा, खरं सांग. तुझ्या त्या फाइलीत चकत्या होत्या का?"

मी त्याच्याकडे तोंड करून, त्याला ओठ दिसतील असं बोललो. "होत्या, पण चांगल्या नव्हत्या. मी बिघडवल्या होत्या. तेवढं माझं आहेच."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "म्हणजे अर्धं तू खाल्लंस आणि अर्धं प्रेसनं," तो म्हणाला, आणि हसला. ते हसू बघवत नव्हतं. नंतर म्हणाला, "कॅफेत बोललो ते मनात ठेवू नको."

कंपनीत दरवर्षी मेडिकल व्हायची. त्यानं जुने कागद काढले. एकोणीसच्या एकोणीस वर्षं, कानासमोर 'नॉर्मल'. तपासणी म्हणजे डॉक्टर नाव विचारायचा आणि सही घ्यायचा. धम्मदीपनं रिपोर्टाची झेरॉक्स जोडून मॅनेजरला अर्ज दिला. अर्ज अस्मितानं लिहिला, टाइप मी केला. त्यात एवढंच होतं की माझे कान कामामुळे गेले, उपचाराचा खर्च द्यावा, आणि शॉपमधल्या इतर तीस जणांची तपासणी करावी.

दुसऱ्या दिवशी त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. तुम्हीही तपासून घ्या, तीस जण एकदम उभे राहिलो तर कंपनीला काही करता येणार नाही, असं समजावलं. कोणी वर बघेना. शेवटी रघु म्हणून त्याच्या शेजारच्या प्रेसवरचा एकजण बोलला, आणि तो काय बोलला ते धम्मदीपला दोनदा विचारावं लागलं.

"दादा, तुझे कान गेले. आमची नोकरी घालवू नको."

पंधरा दिवसांत पत्र आलं. कानाच्या दोषामुळे तो प्रेसवर काम करायला अयोग्य आहे, त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. त्याचाच रिपोर्ट पत्राला जोडला होता. युनियनवाल्यानं कोर्टात जाऊ म्हटलं आणि पुढच्या तारखांना आला नाही. दोन वर्षं तारखा पडल्या. कंपनीनं एकोणीस कागद दाखवले, प्रत्येकावर 'नॉर्मल' आणि खाली धम्मदीपची सही. दोष घरचा असावा, मोठ्यानं गाणी ऐकायची सवय असावी, असं त्यांच्या वकिलानं मांडलं. शेजाऱ्यांपैकी एकजण साक्षीला उभा राहिला. हो, रविवारी फार मोठ्यानं लावायचे, कान फुटायची वेळ यायची. तो खोटं बोलला नव्हता.

केस गेली.

शीला आता बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. अस्मितानं बारावीनंतर शिक्षण थांबवलं आणि उल्हासनगरला एका कपड्यांच्या दुकानात लागली. धम्मदीप दोन-तीन ठिकाणी गेला, पण मागून येणारी हाक त्याला कळत नाही, आणि मागून हाक मारावी लागणार नाही असं काम नसतं. कानाचं मशीन घेतलं होतं. त्यानं खोलीतला पंखा आणि भांडी मोठी झाली, माणसं झाली नाहीत. त्यानं ते काढून ठेवलं. पुतळाबाईची कॅसेट मी फाइल लहान न करता, आहे तशी, पूर्ण कॉम्प्युटरवर घेतली आणि अस्मिताला दिली. ती दुकानात जाताना ऐकते. बापासमोर लावत नाही.

मागच्या रविवारी मी त्याच्याकडे बसलो होतो, तेव्हा रघु आला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. धम्मदीपनं त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. रघु बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की हल्ली त्याच्या कानात शिट्टी वाजते. सतत. झोपतानाही. बायको रागावते की टीव्ही मोठा का करतोस.

मी ते धम्मदीपला तोंड दाखवून पुन्हा सांगितलं. त्यानं उठून डॉक्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला आणि रघुच्या हातात दिला.

"तपासून घे. उशीर करू नको."

रघुनं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आणि दादा, रिपोर्ट वाईट आला तर? कंपनीत दाखवू का?"

हे त्याला पहिल्या फटक्यात कळलं. तो खिडकीकडे बघत बसला. ज्या माणसानं तीस जणांना उभं राहा म्हणून सांगितलं होतं, तो काय बोलतो याची मी वाट बघत होतो.

"नको," धम्मदीप म्हणाला. "कापूस घाल आणि जात राहा."

शीलानं चहा आणला. रघुनं चिठ्ठी खिशात टाकली आणि कप उचलला.